सहा इंच आत रुतलेलं टोक: केनिलवर्थ, १४०३

रुग्णाचं वय सोळा. जखम बाणाची, नाकाच्या डाव्या अंगाला. बाण तिरपा शिरलेला. काठी ओढून काढली, पण लोखंडी टोक आतच राहिलं, सहा इंच खोल, डोक्याच्या मागच्या बाजूच्या हाडात रुतून. सहा इंच म्हणजे पंधरा सेंटिमीटर. स्वतःच्या गालावर बोट ठेवून मागे पंधरा सेंटिमीटर मोजून पाहिलं की टोक कुठवर गेलं असेल याचा अंदाज येतो.

रुग्ण होता इंग्लंडचा युवराज हेन्री, म्हणजे १४१५ मध्ये अ‍ॅजिनकोर्टला फ्रेंचांचा धुव्वा उडवणारा पुढचा राजा, पाचवा हेन्री. उपचार केले लंडनच्या जॉन ब्रॅडमोर या शल्यवैद्यानं. त्यानं हे प्रकरण ‘फिलोमेना’ नावाच्या आपल्या लॅटिन ग्रंथात लिहून ठेवलं: जखम कुठे, आधी कोण हरले, आपण काय केलं, मलमात काय घातलं, कशाची धास्ती होती. सोबत हत्याराचं चित्रही दिलं. मध्ययुगातल्या रणांगणावरच्या एकाच जखमेची इतकी सविस्तर नोंद, तीही उपचार करणाऱ्याच्याच हातची, फार क्वचित सापडते.

या प्रकरणाबद्दल कुठेही वाचा, सगळं कौतुक ब्रॅडमोरनं बनवलेल्या चिमट्याचं असतं. चिमटा नामी आहेच, वाद नाही. पण मूळ नोंद सावकाश वाचली तर चिमटा चालवण्याआधीचं काम आणि नंतरचं काम यांतच सगळा वेळ आणि बहुतेक अक्कल खर्ची पडलेली दिसते. माझ्या मते पोरगा वाचला तो त्या कामामुळे.

लढाई

२१ जुलै १४०३, श्रूजबरी, वेल्सच्या सीमेजवळ. युवराजाच्या वडिलांनी, चौथ्या हेन्रीनं, १३९९ मध्ये चुलतभाऊ दुसऱ्या रिचर्डला गादीवरून उतरवलं तेव्हा उत्तरेकडच्या पर्सी घराण्यानं त्याला साथ दिली होती. चार वर्षांत तेच घराणं उलटलं. ‘हॉटस्पर’ या टोपणनावानं ओळखला जाणारा हेन्री पर्सी फौज घेऊन चालून आला आणि त्याच्याकडे चेशायरचे तिरंदाज होते. लाँगबो, म्हणजे लांब धनुष्य, धरणारे इंग्लिश तिरंदाज या लढाईत दोन्ही बाजूंना होते, म्हणजे फ्रेंचांवर आणि स्कॉटांवर जो बाणांचा पाऊस पडायचा तो इथे एकमेकांवर पडला. युवराजाला बाण लागला तो याच गर्दीत. बखरकार सांगतात, त्यानं मैदान सोडायला नकार दिला. राजपुत्रांबद्दल बखरकार असं सांगतातच, तेव्हा ते बेतानंच घ्यावं. हॉटस्पर मारला गेला, राजाची सरशी झाली आणि जखमी युवराजाला वॉरिकशायरमधल्या केनिलवर्थच्या किल्ल्यात नेलं. उपचार झाले ते तिथे.

अडकलं ते का अडकलं

लाँगबोच्या बाणाचं टोक ठोकून घडवलेलं, आणि त्याच्या मागच्या अंगाला पोकळ खोबण. काठीचं निमुळतं टोक त्या खोबणीत बसवायचं. जोड सरसानं, मेणानं किंवा नुसत्या घट्टपणानं धरलेला. शरीरात शिरल्यावर उबेनं आणि ओलाव्यानं तो सैल पडतो, त्यात टोक हाडात रुतलेलं असलं तर काठी ओढताच सुटून येणार आणि लोखंड आत राहणार. इथे तेच झालं. काठी कोणी ओढली ते ब्रॅडमोर सांगत नाही. बहुधा मैदानावरच कोणीतरी घाईनं ओढली असावी, बाण दिसला की हात आपोआप तिकडेच जातो.

काठी गेली म्हणजे धरायला दांडा उरला नाही. मऊ मांस दोन्ही बाजूंनी जवळ येतं, सूज चढते आणि काठीनं पाडलेली वाट मिटू लागते. तळाशी फक्त ती पोकळ खोबण, तोंड बाहेरच्या दिशेला करून. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे सगळा डाव तिच्यावरच आहे.

रस्ता नशिबाचा निघाला, हेही सांगायला हवं. नाकाशेजारून गालाच्या हाडात शिरलं की आधी हवेनं भरलेली पोकळी लागते, तिथे जीव घेण्यासारखं काही नसतं. पण त्यामागे मेंदूला रक्त नेणारी मोठी रोहिणी आहे, वर डोळा आणि मेंदू आहे, मध्यावर मेंदूचा देठ. बाण या सगळ्यांना चुकवून हाडापाशी थांबला. थोडा इकडेतिकडे झाला असता तर केनिलवर्थपर्यंत न्यायला कोणी उरलं नसतं. उलट बोलायचं तर, आता बाहेर काढणाऱ्या हाताला हीच सगळी संकटं चुकवायची होती, तीही आत काय आहे ते न दिसता.

समोरचे पर्याय

रुतलेलं शस्त्र काढण्याच्या दोनच दिशा सुश्रुतानं सांगितल्या आहेत. फार आत न गेलेलं शस्त्र आल्या वाटेनं मागे ओढायचं, तो प्रतिलोम. खोल जाऊन पलीकडे पोचू पाहणारं तसंच पुढे काढायचं, तो अनुलोम. सातव्या शतकातला ग्रीक वैद्य पॉलस इजिनेटा हेच दोन मार्ग देतो, आणि दहाव्या-अकराव्या शतकातल्या कॉर्दोबाच्या अल-झहरावीच्या ग्रंथात बाण काढण्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. ब्रॅडमोरला सुश्रुत ठाऊक असण्याचं कारण नाही, युरोपातली ग्रंथपरंपरा मात्र त्यानं चांगली वाचलेली होती. पण नियम कुणाचाही लावा, हे प्रकरण त्यात बसत नव्हतं. खोली पाहता टोक पलीकडून काढायला हवं, आणि पलीकडे कवटीचा तळ नि मान. म्हणजे आल्या वाटेनंच यायचं. आणि ती वाट मिटत चाललेली.

कापून वाट करावी? दोनशे वर्षांपूर्वीचं इंग्लंडच्या राजघराण्यातलंच उदाहरण होतं. ११९९ मध्ये फ्रान्समधल्या शालूच्या वेढ्यात पहिल्या रिचर्डला आडव्या धनुष्याचा बाण खांद्यापाशी लागला. लाकूड मोडून आलं, लोखंड आत राहिलं. मग शल्यवैद्यानं ते शोधण्यासाठी मांसात अशी काही कापाकापी केली की टोक निघालं पण जखम कुजली, आणि दहा-बारा दिवसांत रिचर्ड गेला. खांद्यात ही गत, तर चेहऱ्यात पंधरा सेंटिमीटर सुरी चालवायची कल्पनाही नको.

टोक तसंच ठेवावं? शरीरात लोखंड घेऊन वर्षानुवर्षं जगलेली माणसं असतात. पण घाणेरडं लोखंड, सोबत ढकलल्या गेलेल्या मळाचे कण आणि बंद होत जाणारं तोंड, हे पू धरण्याचं आमंत्रणच.

आणि चौथा मार्ग, जो आधी पत्करला गेला: औषधानं टोक ‘ओढून’ घेणं. ब्रॅडमोर लिहितो, किल्ल्यावर अनेक जाणते वैद्य आले, काढ्यांनी आणि इतर उपचारांनी टोक बाहेर काढू म्हणाले, जमलं नाही. शेवटी आपण आलो, असं तो पुढे लिहितो. त्या वाक्यातली ऐट लपत नाही. विद्यापीठात शिकलेला वैद्य आणि हातानं काम करणारा शल्यवैद्य यांच्या प्रतिष्ठेत तेव्हा मोठी दरी होती, हा त्याचाही रंग असावा. तरी त्या वैद्यांना अगदीच हसू नये. काट्यावर पोटीस बांधलं की काटा वर येतो हा अनुभव आपल्याकडेही घरोघर आहे. गालात सहा इंचांवर तो लागू पडत नाही, इतकंच.

वाट रुंद करणं

इथून पुढे ब्रॅडमोरची रीत.

एल्डर नावाच्या झुडपाच्या फांदीत पांढरं, हलकं भेंड असतं. ते त्यानं चांगलं वाळवलं, जखमेच्या लांबीचं कापलं आणि स्वच्छ लिननच्या कापडात शिवून घेतलं. अशा बारीक वाती गुलाबाच्या मधात भिजवून जखमेत सरकवल्या. मग त्याहून जाड, त्याहून लांब. मग आणखी जाड. जखमेची रुंदी आणि खोली हवी तेवढी होईपर्यंत हेच. वात तळाला टेकते आहे अशी खात्री पटल्यावरच तो पुढे गेला.

एका साध्या वातीकडून त्यानं किती कामं करून घेतली बघा. भेंड मऊ, त्यामुळे ते जखमेच्या तिरप्या वाटेप्रमाणे वाकतं, स्वतःची नवी वाट पाडत नाही. लोखंडाची सळई घातली असती तर तिनं ती नक्की पाडली असती, आणि त्या भागात नवी वाट म्हणजे मोठ्या रोहिणीला निमंत्रण. ओलावा शोषला की भेंड थोडं फुगतं, म्हणून आजूबाजूचं मांस फाटत नाही, हळूहळू ताणलं जातं. कापडात शिवल्यानं भेंडाचा तुकडा मोडून आत राहत नाही (हे कारण तो देत नाही, पण दुसरं मला सुचत नाही). शिवाय वात म्हणजे मोजपट्टी. आत न दिसणाऱ्या तळाची खोली आणि दिशा दोन्ही तिच्यामुळे हाताला कळली.

आणि मध. मध मुळात आम्ल, त्यात पाणी इतकं कमी की जंतूंतलंच पाणी तो खेचून घेतो, आणि पातळ झाल्यावर त्यातून हळूहळू हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. ब्रॅडमोरला यातलं काही माहीत असणं शक्य नव्हतं. मधानं जखम कुजत नाही हे मात्र शल्यवैद्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. सुश्रुतही तिळाचा कल्क, मध आणि तूप लावलेली वात जखमेत ठेवायला सांगतो.

आज गर्भाशयाचं तोंड रुंद करायला समुद्री शेवाळाच्या वाळवलेल्या काड्या वापरतात, त्यांचं तत्त्व हेच: जोर न लावता, फुगत फुगत जागा करायची. फरक असा, की इथे रुग्णाच्या उघड्या गालात दर खेपेला आधीपेक्षा जाड वात सारायची होती. त्या काळी इंग्लंडात अफू, खुरासानी ओवा वगैरे घातलेलं गुंगीचं पेय माहीत होतं, पण ते दिल्याचा उल्लेख या नोंदीत नाही.

चिमटा

वाट तयार झाल्यावर ब्रॅडमोरनं मुद्दाम नवं हत्यार घडवलं. तो नुसता शल्यवैद्य नव्हता, त्या काळच्या कागदपत्रांत त्याचा उल्लेख धातूचं नाजूक काम करणारा कारागीर म्हणूनही येतो. त्याच्या वर्णनाप्रमाणे हा लहानसा चिमटा, आतून पोकळ, बाणाच्या काठीइतका रुंद. दोन्ही पात्यांची टोकं आतून-बाहेरून गोलसर केलेली. मधून एक स्क्रू जातो, त्याचंही टोक गोल.

बाण ज्या कोनातून शिरला त्याच कोनातून त्यानं चिमटा आत नेला, मग मधला स्क्रू घातला आणि चिमट्याची टोकं बाणाच्या खोबणीत शिरली. काठी जिथे बसते तिथेच. स्क्रू पुढे सरकतो तशी पाती बाहेरच्या बाजूला दाबली जातात आणि खोबणीच्या आतल्या भिंतीला घट्ट धरतात. भिंतीत ड्रिल मारून प्लास्टिकची गिट्टी बसवली आणि स्क्रू पिळला की ती फुगून पकड घेते, त्यातलाच प्रकार.

साधा चिमटा वस्तूला बाहेरून धरतो. म्हणजे टोकाच्या भोवती पात्यांना जागा हवी, तेवढं मांस बाजूला सारायला हवं, आणि ओढताना पात्यात टोकाबरोबर काय काय येईल याचा नेम नाही. ब्रॅडमोरनं आतून धरलं. त्यामुळे काठीनं जेवढी वाट केली होती त्यापेक्षा फारशी जास्त लागली नाही. ज्या खोबणीनं काठीला दगा दिला तिचाच त्यानं दांडा करून घेतला.

मग पुढेमागे हलवत, थोडं थोडं करत टोक बाहेर आलं. हिसका नाही. हाडात रुतलेलं काहीही असंच सुटतं, दात काढणाऱ्याला विचारा. युवराजाचे सरदार आणि चाकर भोवती उभे होते, सगळ्यांनी देवाचे आभार मानले, अशी नोंद आहे.

पुढचे वीस दिवस

पुष्कळ लोक गोष्ट इथेच संपवतात, पण जखमेच्या दृष्टीनं खरा धोका आता सुरू होत होता. पंधरा सेंटिमीटर खोल बोगदा, तळाला हाड, तोंड चेहऱ्यावर. चेहऱ्याला रक्तपुरवठा भरपूर, कातडी पटकन जुळते. वरून ती जुळली आणि खाली पोकळी राहिली की पू कोंडलाच.

पिचकारीत पांढरी वाइन भरून ब्रॅडमोरनं आधी जखम धुतली. वाइनमधलं अल्कोहोल जंतू मारायला पुरेसं नसतं, हात निर्जंतुक करायला लागतं त्याच्या पाव हिश्श्याहूनही कमी. धुण्याचा फायदा झाला तो मुख्यतः वाहून नेण्याचा: रक्ताच्या गुठळ्या, गंजाचे कण, मेलेलं मांस. मग जवसाच्या तंतूंचे बोळे मलमात भिजवून आत भरले. मलमाची कृती त्यानं दिली आहे. पांढरा पाव पाण्यात विरघळवून कापडातून गाळायचा, त्यात जवाचं पीठ आणि मध घालून मंद आचेवर घट्ट होईपर्यंत शिजवायचं, शेवटी टर्पेंटाइन. हे टर्पेंटाइन म्हणजे झाडाची चिकट राळ, रंगकामाचं नव्हे. थोडक्यात मध आणि राळ घातलेलं पोटीस.

दुसऱ्या दिवसापासून, दर दोन दिवसांनी, बोळे आखूड करत जायचे. या एका ओळीवर मी सगळ्यात जास्त वेळ थांबतो. वाती वाढवत नेऊन त्यानं वाट उघडली होती, आता बोळे आखडते घेत ती मिटवायला सुरुवात केली, तळापासून वर. बोळा जितका आखूड, तितकीच खालची जागा भरायला मोकळी. वरचं तोंड मात्र शेवटपर्यंत उघडं, निचऱ्यासाठी. वीस दिवसांत जखम पूर्ण स्वच्छ झाली, मग मांस भरून येण्यासाठी काळपट मलम लावलं. जखम तळापासून भरली पाहिजे, हे वाक्य आजही सर्जरीच्या वॉर्डात रोज ऐकू येतं. लढाईतली जखम लगेच शिवू नये हा आजच्या युद्धशल्यचिकित्सेचा नियम आहे, चेहऱ्याला त्यात सहसा सूट असते. ब्रॅडमोरनं चेहऱ्यावरही ती सूट घेतली नाही आणि इतक्या खोल जखमेत त्याचंच बरोबर होतं. त्याच्या शंभर वर्षं आधी फ्रान्समध्ये आंरी द मोंदव्हील हा शल्यवैद्य जखम धुऊन लगेच बंद करा, पू होऊ देऊ नका, असं हिरिरीनं मांडत होता. उथळ, स्वच्छ जखमेसाठी मोंदव्हील खरा. इथे त्याचं ऐकलं असतं तर घात झाला असता.

उपचार सुरू झाल्यापासून संपेपर्यंत, रोज सकाळ-संध्याकाळ, ब्रॅडमोर युवराजाच्या मानेला स्नायू सैल करणारं मलम चोळत होता आणि वर गरम लेप बांधत होता. कारण आचक्यांची भीती, आणि आपल्याला सर्वांत जास्त भीती तीच होती, असं तो लिहितो. ही भीती बहुधा धनुर्वाताची. माणूस बरा होतोय असं वाटत असताना जबडा धरतो, मान ताठते, आणि मग हातात काही राहत नाही. धनुर्वात साधारण तीन ते एकवीस दिवसांत उठतो, डोक्याजवळची जखम असेल तर लवकर. म्हणजे त्या वीस दिवसांत रोज सकाळी मान चोळताना ब्रॅडमोर तिचा ताठरपणाही चाचपत असणार.

मानेला चोळलेल्या मलमानं धनुर्वात टळत नाही. तो जंतू हवा नसलेल्या बंद जागेत वाढतो, त्यामुळे त्याला अडवलं असेल तर उघड्या ठेवलेल्या, धुतलेल्या, निचरा होणाऱ्या जखमेनं. ज्या उपायावर त्याचा भरवसा होता तो निरुपयोगी, आणि जे काम तो वेगळ्याच कारणासाठी करत होता त्यानं बहुधा रुग्ण वाचला. जुन्या वैद्यकात असं पुष्कळदा दिसतं, आणि आपल्या वैद्यकातही पुढच्यांना दिसेल.

नोंद किती खरी मानायची

साक्षीदार एकच, आणि तोच नायक. उपचारांचे तपशील दुसऱ्या कुणी स्वतंत्रपणे लिहिलेले नाहीत. तरी मला ही नोंद बऱ्याच अंशी खरी वाटते. बढाई मारणारा माणूस भीती कबूल करत नाही आणि मलमाची कृतीही सांगत बसत नाही. शिवाय युवराजानं त्याला दरवर्षी दहा मार्कांचं (मार्क हे त्या काळचं पैशाचं माप) वर्षासन लावून दिलं, ते काही उगाच नव्हे. आजच्या लोहारांनी त्या चित्रावरून चिमट्याच्या प्रतिकृती केल्या आहेत आणि त्या बाणाचं टोक धरतात. चित्रावरून जोडणी नेमकी कशी होती याबद्दल थोडे मतभेद आहेत, तत्त्वाबद्दल नाहीत.

एक लोकप्रिय गोष्ट मात्र सोडून द्यावी. पाचव्या हेन्रीचं प्रसिद्ध चित्र एका बाजूनं काढलेलं आहे, ते चेहऱ्यावरचा व्रण लपवायला, असं हमखास सांगितलं जातं. त्या चित्रात दिसतो तो डावा गाल, आणि ब्रॅडमोरच्या लॅटिन पोथीत जखमही डावीच. लपवायचं असतं तर दुसरी बाजू काढली असती. तसंही उपलब्ध चित्र राजाच्या मृत्यूनंतर शतकाहून अधिक काळानं रंगवलेलं आहे.

ब्रॅडमोर १४१२ मध्ये वारला, म्हणजे त्याचा रुग्ण राजा झाला त्याच्या आदल्या वर्षी. ‘फिलोमेना’चं इंग्रजी रूप पुढे निघालं आणि बराच काळ ते थॉमस मॉर्स्टेड या दुसऱ्या शल्यवैद्याच्या नावावर खपत राहिलं. हा मॉर्स्टेड पाचव्या हेन्रीचा शल्यवैद्य. १४१५ मध्ये राजा फ्रान्सवर निघाला तेव्हा त्यानं मॉर्स्टेडशी रीतसर करार केला: पगार ठरवून, त्याच्या धंद्यातली बारा माणसं आणि तीन तिरंदाज सोबत आणायचे.